हे वय कुणाचं?

सूक्ष्मदर्शकाखाली काचेची बशी, बशीत अल्कोहोल, तळाशी पसरलेले काही हजार कण आणि माझ्या हातात बारीक टोकाचा चिमटा. संशोधनाच्या पहिल्या वर्षातले माझे कितीतरी दिवस असे गेले. एकेक कण टोकाने हलवायचा, कुशीवर वळवायचा आणि प्रकाश त्याच्यातून कसा जातो ते पाहायचं. ढगाळ असेल तर बाजूला. भेग दिसली तर बाजूला. पोटात काळा ठिपका असेल तरी बाजूला. उरलेले अलगद उचलून दुसऱ्या बशीत. संध्याकाळपर्यंत शंभर-सव्वाशे कण जमले तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं. मान आखडलेली असायची आणि डोळे मिटले तरी कणच दिसत राहायचे.

हे कण झिरकॉनचे. लांबी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. घडण मात्र इतकी नेटकी की पहिल्यांदा पाहिल्यावर मी बराच वेळ चिमटा खाली ठेवून नुसती बघत बसले होते. चौकोनी खांब, त्याच्या दोन्ही टोकांना चार पैलूंचे सुळके. रंग कधी फिकट गुलाबी, कधी मधाळ, कधी पाण्यासारखा नितळ. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांच्या त्या खडकात असं काही दडलेलं असेल हे बाहेरून बघणाऱ्याला सांगूनही पटलं नसतं.

खडकाचं वय काढायचं तर आधी तो मोडावा लागतो. याची सवय व्हायला मला वेळ लागला. उघड्यावर अब्जावधी पावसाळे सोसलेला वीस किलोंचा तुकडा आपण पोलादी जबड्यांच्या यंत्रात टाकतो आणि काही मिनिटांत त्याची खडी होते. मग ती दळायची, चाळायची. थरथरत्या टेबलावर पाण्याच्या धारेत पाखडून हलकं वाहून जाऊ द्यायचं. चुंबकाने लोहयुक्त खनिजं ओढून घ्यायची. शेवटी उरलेली चिमूटभर पूड मिथिलीन आयोडाइडसारख्या जड द्रवात सोडायची. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार वर तरंगतात आणि झिरकॉन तळाशी बसतो, कारण त्याची घनता त्यांच्या पावणेदोन पट आहे. प्रत्येक टप्प्यानंतर यंत्राचा कानाकोपरा घासून पुसायचा. आधीच्या नमुन्यातला एक कण जरी मागे राहिला, तरी तो पुढच्या खडकात शिरून भलतीच साक्ष देईल.

एवढा खटाटोप याच खनिजासाठी का? शिलारस थंड होऊ लागला की झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून झिरकॉनचे स्फटिक वाढतात. वाढताना त्यांच्या जाळीत झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम बसतं. आकार आणि विद्युतभार जुळतो म्हणून. शिशाचं मात्र अजिबात जुळत नाही, त्याला आत प्रवेशच नाही. म्हणजे स्फटिक जन्मतो तेव्हा त्यात युरेनियम असतं आणि शिसं जवळजवळ नसतं. पुढे त्यात जे शिसं सापडेल ते तिथेच, युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेलं. युरेनियम-२३८ आठ अल्फा कण टाकून शिसं-२०६ होतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षांचं, जवळपास पृथ्वीच्या वयाइतकं. युरेनियम-२३५ सात अल्फा कण टाकून शिसं-२०७ होतो. त्याचं अर्धायुष्य अवघं ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं, वेगवेगळ्या चालीची. आज निसर्गातल्या शंभर युरेनियम अणूंमध्ये २३५ चा एकही पुरता भरत नाही. हाच हिशेब ४४० कोटी वर्षं मागे नेला तर शंभरात वीसहून अधिक निघतात. हे गणित मी वहीत पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा त्या काळाची खोली मला अंगावर जाणवली. नुसत्या कोटींच्या आकड्यांनी ती कधी जाणवली नव्हती.

आणि हा कण चिवट आहे. खडक झिजून वाळू झाला तरी झिरकॉन शाबूत राहतो. ती वाळू पुन्हा खडक बनली, तो खडक डोंगरांच्या मुळाशी दाबला गेला, भाजला गेला, तरी आतलं शिसं सहजी बाहेर पडत नाही. त्यासाठी ९०० अंशांच्या वर तापमान लागतं. ‘काळ्या दगडावरची रेघ’ असं आपण म्हणतो. खरं तर दगड वितळतो आणि त्यावरची रेघही जाते. त्यातला हा कण मात्र बहुधा टिकतो.

या घड्याळांचा शोध लागण्याआधी लॉर्ड केल्विन पृथ्वी निवण्याच्या वेगावरून तिचं वय काढत होते आणि शेवटी शेवटी २ ते ४ कोटी वर्षांवर येऊन थांबले होते. १९०७ मध्ये बर्ट्रम बोल्टवूडने युरेनियमच्या खनिजांतलं शिसं मोजलं आणि ४१ कोटींपासून २२० कोटी वर्षांपर्यंतची वयं मांडली. १९११ मध्ये एकवीस वर्षांच्या आर्थर होम्सने हीच रीत अधिक नेमकेपणाने वापरली. तेव्हा समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंची, कल्पनाही पुढे आली नव्हती, त्यामुळे ते आकडे पुढे बदलले. वाट मात्र बरोबर होती.

मला जवळचा वाटतो तो क्लेअर पॅटरसन. १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत विद्यार्थी असताना त्याच्याकडे आलेलं काम माझ्यासारखंच होतं: झिरकॉनच्या कणांतलं शिसं मोजायचं. पण त्याचे आकडे काही केल्या जुळेनात. असायला हवं त्याच्या कितीतरी पट शिसं सापडायचं. दुसरा एखादा असता तर त्याने पद्धतीला दोष दिला असता किंवा सरासरी काढून पुढे गेला असता. पॅटरसन ते जास्तीचं शिसं कुठून येतं याच्या मागे लागला. ते हवेत होतं, नळाच्या पाण्यात होतं, रसायनांत होतं, काचेच्या भांड्यांत होतं, माणसांच्या केसांत आणि कपड्यांत होतं. त्याने एकेक वाट बुजवत नेली आणि पुढे पॅसाडेनाला प्रयोगशाळाच अशी उभारली की बाहेरचं शिसं आत येऊ नये. १९५६ मध्ये उल्कापाषाणांतल्या शिशावरून त्याने पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं दाखवलं. तो आकडा आजही जवळपास तसाच उभा आहे. मग हे शिसं सगळ्या जगभर पसरवलं कुणी, हा प्रश्न घेऊन तो पेट्रोलमध्ये शिसं घालण्याच्या विरोधात वर्षानुवर्षं उभा राहिला. आपण आज श्वासावाटे कमी शिसं घेतो, त्यामागे झिरकॉनच्या कणांतला न जुळणारा एक हिशेब आहे. निवडायला बसून कंटाळा आला की मला हे आठवायचं.

त्याच १९५६ साली जॉर्ज वेदरिलने एक आलेख मांडला. एका अक्षावर एका घड्याळाचं गुणोत्तर, दुसऱ्यावर दुसऱ्याचं. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर बिंदू एका वक्ररेषेवर पडतो. कणाला मधेच कधी उष्णतेचा किंवा पाण्याचा उपद्रव होऊन थोडं शिसं निघून गेलं असेल, तर बिंदू वक्ररेषेवरून घसरतो. पण घसरतानाही शिस्त पाळतो. रसायनाच्या दृष्टीने शिशाचे दोन्ही समस्थानिक सारखेच, त्यामुळे ते ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात निघून जातात. परिणामी एकाच खडकातले कमीजास्त बिघडलेले कण एका सरळ रेषेत उभे राहतात. रेषेचं वरचं टोक वक्ररेषेला जिथे छेदतं तिथे जन्म, आणि नशीब चांगलं असेल तर खालचं टोक जिथे छेदतं तिथे तो उपद्रव. भूविज्ञानातली इतकी देखणी आकृती मला दुसरी ठाऊक नाही. बिघडलेल्या घड्याळांकडूनही खरी वेळ काढून घेते ती.

आता माझ्या चुकीबद्दल.

निवडलेले कण रेझिनच्या चकतीत बसवून, अर्ध्यापर्यंत घासून, चकाकी आणून मी आयन झोताच्या यंत्रापाशी पोचले. यात ऑक्सिजनच्या आयनांचा बारीक झोत कणावर सोडतात. वीस-पंचवीस मायक्रॉन रुंद आणि एक-दोन मायक्रॉन खोल असा खड्डा पडतो आणि तिथून उडालेले अणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजले जातात. यंत्र मला मोजक्या तासांसाठी मिळालं होतं. घाई होती. मी एकामागून एक कण घेत गेले. बहुतेकांची वयं एका घोळक्यात आली. पाच-सहा मात्र त्याहून खूप जुनी निघाली, आणि काही दोहोंच्या अधेमधे. जुनं ते सोनं ही आमच्या विषयातली सगळ्यात मोठी भूल आहे, आणि त्या रात्री मला ती पडली. सगळ्यात जुना आकडा मी ‘खडकाचं वय’ म्हणून लिहिला आणि सकाळी सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी कागद शांतपणे वाचला. मग विचारलं, “हे वय कुणाचं?”

“खडकाचं, सर.”

“खडकाचं कशावरून? कणाचं म्हण. तेही सगळ्या कणाचं की झोत पडला तेवढ्या जागेचं? तू कणांची चित्रं पाहिलीस का?”

मी पाहिली नव्हती. झोतावर जाण्याआधी पॉलिश केलेल्या कणांवर इलेक्ट्रॉन सोडून त्यांच्या चमकेची चित्रं घ्यायची असतात. त्या यंत्रावर तेव्हा पाळी मिळत नव्हती, म्हणून मी तो टप्पा नंतर करू म्हणून सोडला होता. आठवडाभराने चित्रं हाती आली. प्रकाशात नितळ दिसलेले माझे कण त्यात उघडे पडले. काहींच्या पोटात दुसराच एक कण होता: गोलसर, कडा झिजलेला, स्वतःच्या वेगळ्या वलयांचा. त्याच्याभोवती नंतर चढलेला, झाडाच्या वलयांसारखा रेषारेषांचा काठ. सगळ्यात जुने आकडे या गाभ्यांचे होते. अधलीमधली वयं जिथून आली होती तिथे खड्डा गाभा आणि काठ यांच्या बरोबर सीमेवर पडला होता. अर्धे अणू इकडचे, अर्धे तिकडचे. यंत्राने इमानाने दोघांचं मिश्रण मोजलं होतं आणि दशांशासकट एक वय दिलं होतं, ज्या वयाला काहीही घडलं नव्हतं. ना शिलारस उसळला होता, ना खडक भाजला होता.

त्या आकड्याने मला फार अस्वस्थ केलं. चुकीचा आकडा चुकीचा दिसावा अशी माझी अपेक्षा होती. हा तर इतरांसारखाच नीटनेटका होता, त्रुटीची मर्यादाही लहानशीच. तेव्हापासून कुठलंही प्राचीन वय वाचलं की माझ्या मनात आधी तोच प्रश्न येतो: हे वय कुणाचं?

गाभे मी ‘वारशाने आलेले’ म्हणून यादीतून काढले, घोळक्यावरून खडकाचं वय निश्चित केलं आणि काम पुरं केलं. ते बरोबरही होतं. पण त्या गाभ्यांना मी कित्येक महिने बिघाड समजत राहिले. ते बिघाड नव्हते. खंड कसे तयार झाले, याचं उत्तर त्यांच्यातच होतं. मला ते उमगायला उशीर लागला.

पृथ्वीचं कवच दोन तऱ्हांचं आहे. समुद्राखालचं बेसाल्टचं, सात-आठ किलोमीटर जाडीचं, जड. कवचाखालच्या जाड थरातून, म्हणजे प्रावरणातून, ते थेट वर येतं, निवतं आणि काही कोटी वर्षांत पुन्हा खाली जातं. महासागरांचा तळ जवळजवळ सगळा २० कोटी वर्षांहून तरुण आहे. दुसरं खंडांचं: सरासरी पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, सिलिका अधिक असलेलं, हलकं. हलकं म्हणून बुडत नाही, आणि बुडत नाही म्हणून जुनं होऊ शकतं. पण प्रावरण वितळवून असा हलका खडक एका दमात मिळत नाही. आधी बेसाल्ट, मग त्या बेसाल्टात पाणी मुरायला हवं, मग तो ओलसर बेसाल्ट खोल जाऊन अर्धवट वितळायला हवा. त्यातून निघतात टोनलाइट, ट्रॉन्ड्येमाइट आणि ग्रॅनोडायोराइट हे सोडियमने समृद्ध, राखाडी खडक. जगातल्या सगळ्या प्राचीन भूखंडांचा पाया त्यांचाच आहे. तेही पुढे पुन्हा खालून तापतात, अर्धवट वितळतात आणि पोटॅशियम अधिक असलेला ग्रॅनाइट वर चढतो. म्हणजे खंड हा आधीच्या खडकाला पुन्हा पुन्हा वितळवून, त्यातलं हलकं वर काढून घडतो. नवा शिलारस फार तापलेला नसेल आणि त्यात झिर्कोनियम पुरेसं मुरलेलं असेल, तर आधीच्या खडकातले झिरकॉन त्यात विरघळत नाहीत. तरंगत राहतात आणि त्यांच्यावर नवा काठ चढतो. माझ्या कणांच्या पोटातला तो झिजका गाभा म्हणजे आधीच्या जमिनीचा उरलेला अवशेष होता. तो खडक कधीच नाहीसा झाला होता.

आधी कोण, नंतर कोण, हे यंत्राशिवायही कळू शकतं, आणि त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं आहे. १९६० च्या दशकात विक मॅकग्रेगर हा भूवैज्ञानिक तिथे, आजच्या नूक शहराच्या परिसरात, नकाशे बनवत होता. सगळा मुलूख एकाच राखाडी नाइसचा, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पट्टे पडलेल्या खडकाचा, वाटे. पण काही नाइसमध्ये काळ्या खडकाच्या, पिळवटून तुटक झालेल्या पट्ट्या होत्या, आणि शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या नाइसमध्ये त्या मुळीच नव्हत्या. मॅकग्रेगरने ओळखलं की या पट्ट्या म्हणजे कधीकाळी भेगांत घुसलेल्या शिलारसाच्या भिंती, ज्यांना पुढे अमेरालिक डाइक हे नाव मिळालं. ज्या नाइसला त्या छेदतात तो त्यांच्या आधीचा. ज्याला छेदत नाहीत तो नंतर आलेला. एकसारख्या दिसणाऱ्या दोन खडकांमध्ये त्याने हातोडी आणि डोळे एवढ्यावर काळाची एक मोठी दरी दाखवून दिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये स्टीफन मूरबाथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिसं आणि रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या मोजणीने त्या जुन्या नाइसचं वय ३७० कोटींच्या आसपास काढलं, तेव्हा जगाने मॅकग्रेगरचं म्हणणं मान्य केलं. मला यात यंत्रापेक्षा त्या माणसाचं चालणं मोठं वाटतं. कुठल्या तुकड्याला वय विचारायचं हे त्याला आधीच ठाऊक होतं.

यापेक्षा मागे गेलं की खडक फार थोडे उरतात. कॅनडाच्या वायव्य प्रांतात अकास्ता नदीच्या परिसरातला नाइस: १९८९ मध्ये सॅम्युएल बोरिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचं वय ३९६ कोटी सांगितलं आणि १९९९ मध्ये तिथल्याच नमुन्यांवरून ते ४०३ कोटींपर्यंत गेलं. तिथल्या कणांतही गाभे आहेत, काठ आहेत, एकाच नमुन्यात अनेक वयं आहेत. इतक्यांदा भाजलेल्या खडकात ‘मूळ’ कुठलं हे ठरवताना बोरिंग यांच्या चमूला किती वेळा स्वतःशी वाद घालावा लागला असेल, याची कल्पना मी करू शकते.

आणि त्याच्याही मागे खडक नाहीत, नुसते कण आहेत. १९८३ मध्ये कॅनबेराला विल्यम कॉम्पस्टन यांच्या चमूने, स्वतः उभारलेल्या भल्यामोठ्या आयन यंत्रावर, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट नॅरियरच्या क्वार्ट्झाइटमधले झिरकॉन मोजले. काहींची वयं ४१० ते ४२० कोटी निघाली. मग जवळच्याच जॅक हिल्समधून त्याहून जुने मिळाले. २००१ मध्ये तिथल्या एका कणातल्या एका जागेचं वय जाहीर झालं: ४४० कोटी वर्षं. पृथ्वी जुळून यायला लागल्यानंतर जेमतेम पंधरा कोटी वर्षांनी हा कण स्फटिकला. ज्या गोट्यांच्या खडकात तो सापडला तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या हाती येण्याआधीच तो कण एका खडकातून सुटून, झिजून, वाहून, दुसऱ्या खडकात येऊन बसला होता. पहिला खडक पृथ्वीवर कुठेच उरलेला नाही.

इथे “हे वय कुणाचं?” हा प्रश्न कणाला विचारूनच थांबत नाही. शिसं आपल्या जागेवरून हललं असेल, एका ठिकाणी साचलं असेल, तर तिथलं वय खोटंच जास्त दिसेल, अशी रास्त शंका घेतली गेली. २०१४ मध्ये जॉन व्हॅली आणि सहकाऱ्यांनी जॅक हिल्सच्या एका कणाचा अतिसूक्ष्म तुकडा घेऊन त्यातले अणू एकेक करून उडवले आणि कोण कुठे बसला होता याचा नकाशा केला. शिसं हललं होतं खरं, पण काही नॅनोमीटर रुंदीच्या गुठळ्यांत. झोताच्या खड्ड्याच्या मानाने ते अंतर नगण्य, त्यामुळे ४३७ कोटींचं ते वय टिकलं. एक शंका निस्तरण्यासाठी अणू मोजणाऱ्या या माणसांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

त्या कणांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला वयापेक्षाही मोलाची वाटते. त्यांच्यातला ऑक्सिजन प्रावरणातल्या ऑक्सिजनसारखा नाही. जड समस्थानिक थोडा अधिक आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर, कमी तापमानाला पाण्याच्या संगतीत राहिलेल्या खडकात असं होतं. तो खडक खाली जाऊन वितळला आणि त्या शिलारसातून हे कण वाढले. म्हणजे ४३० कोटी वर्षांच्या आसपासच पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असावं. मी शिकले तेव्हा त्या युगाचं चित्र धगधगत्या लाव्ह्याच्या समुद्राचं असे. युगाचं नावच पाताळाच्या देवावरून ठेवलेलं, हेडियन. मिलिमीटरच्या दहाव्या भागातल्या ऑक्सिजनने ते चित्र निववलं.

खडकाबाबतचे वाद मात्र तीव्र आहेत. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर क्वेबेकमध्ये नुव्वुआगित्तुक नावाचा हिरवट-काळ्या खडकांचा पट्टा आहे. बेसाल्टाच्या जातीचे हे खडक, त्यामुळे त्यात त्यांचा स्वतःचा झिरकॉन मिळणं मुश्कील. २००८ मध्ये जोनाथन ओनील आणि सहकाऱ्यांनी वेगळं घड्याळ वापरलं. समॅरियम-१४६ हा सुमारे दहा कोटी वर्षं अर्धायुष्याचा समस्थानिक पृथ्वीच्या पहिल्या पर्वातच संपून गेला, पण जाताना निओडिमियम-१४२ मध्ये खूण ठेवून गेला. त्यावरून त्यांनी ४२८ कोटी वर्षं हे वय मांडलं. आक्षेप लगेच आला: ही खूण त्या खडकाच्या जन्माची की ज्या जुन्या कवचातून तो वितळून निघाला त्याची? सरांचा तोच प्रश्न, फक्त अधिक मोठ्या सभेत. २०२५ मध्ये त्या पट्ट्यात घुसून खोलवर निवलेल्या गॅब्रो या खडकांवर समॅरियम-निओडिमियमची दोन्ही घड्याळं लावली गेली आणि दोन्हींनी ४१६ कोटींच्या आसपासची वेळ सांगितली. घुसलेला खडक इतका जुना, तर ज्यात घुसला तो त्याहून जुना. मॅकग्रेगरचाच युक्तिवाद. मला हा पुरावा पटतो, कारण दोन वेगळ्या चालींची घड्याळं जुळली आहेत आणि खडकांचा क्रमही त्यांच्या बाजूने बोलतो.

मग इतकं थोडं का उरलं? खंडांचं कवच मुळात हळूहळू वाढत गेलं म्हणून जुनं कमी, असं पुष्कळांचं मत. रिचर्ड आर्मस्ट्राँग याने उलट मांडलं: कवच सुरुवातीलाच भरपूर बनलं, पण जितकं बनतं तितकंच प्रावरणात परत जातं, म्हणून जुनं सापडत नाही. त्याच्या हयातीत थोड्यांनीच ते मानलं. वयांची यादी कितीही लांब केली तरी हा वाद तेवढ्याने सुटत नाही, कारण यादी उरलेल्यांची असते. इथे झिरकॉनमधलं हाफनियम उपयोगी पडतं. ल्युटेशियम-१७६ च्या ऱ्हासातून हाफनियम-१७६ होतो. झिरकॉन हाफनियम भरपूर घेतो आणि ल्युटेशियम अगदी थोडं, त्यामुळे जन्मवेळचं गुणोत्तर त्यात जणू गोठून राहतं. ते प्रावरणाशी ताडून पाहिलं की कळतं, हा शिलारस नुकताच प्रावरणातून निघालेल्या द्रव्याचा होता की कित्येक कोटी वर्षं कवचात राहिलेल्या जुन्या खडकाचा. जॅक हिल्सच्या पुष्कळ कणांचं हाफनियम दुसऱ्या बाजूला झुकतं. म्हणजे त्यांच्याही आधी काहीतरी होतं.

ओडिशा-झारखंडमधल्या सिंहभूम भूखंडाची गोष्ट मला याच साखळीतली वाटते. २०१८ मध्ये तिथल्या सुमारे ३४० कोटी वर्षांच्या टोनलाइट नाइसमधून वारशाने आलेले कण मिळाले. एकाचं वय ४२४ कोटी, दुसऱ्याचं ४०३ कोटी. माझ्या यादीतून मी ज्या जातीचे कण काढून टाकले होते, त्याच जातीचे. २०२१ मध्ये तिथल्याच नद्यांच्या आणि किनाऱ्यांच्या खुणा बाळगणाऱ्या प्राचीन वालुकाश्मांचा अभ्यास पुढे आला. खालून पुन्हा पुन्हा शिलारस चढत गेल्याने ते कवच जाड आणि हलकं झालं आणि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्रातून वर उचललं गेलं, असा त्याचा निष्कर्ष. पाण्याबाहेर आलेली जमीन झिजते, झिजलेली वाळू किनाऱ्यावर पसरते आणि त्या वाळूत झिरकॉन असतात. जमीन वर आली याचा पुरावा त्या झिजण्यातच सापडतो.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना माझी ती पहिली चकती हाती लागली. रेझिन थोडं पिवळं पडलंय. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिसऱ्या ओळीतला सातवा कण शोधला. सीमेवर पडलेला खड्डा तसाच आहे, अर्धा गाभ्यात, अर्धा काठावर. गाभ्यात अजून एका झोताइतकी जागा शिल्लक आहे, काठावर दोन झोतांची. आता इलेक्ट्रॉनची नवी चित्रं घेतली आहेत आणि कुठे मारायचं ते पेन्सिलीने आखून ठेवलं आहे. वहीत त्या कणापुढे तीन रकाने केलेत. पहिला काठाचा, दुसरा गाभ्याचा. तिसरा हाफनियमचा: गाभा ज्या शिलारसात वाढला, तो कुठल्या खडकातून निघाला होता. यंत्रावर माझी पाळी पुढच्या महिन्यात आहे.